प्रौढांचा एडीएचडी आणि सीबीटी: अभ्यासांत खरंच काय सापडलंय?

ताणाबाणा | रविवार, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात इथेच दुसऱ्या एका धाग्यावर एडीएचडीवरून, म्हणजे लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावळेपणा या विकारावरून, आणि सीबीटीवरून, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीवरून वाद झाला. एकाने लिहिलं, "गोळ्या बंद करा, सीबीटी घ्या, कायमचं बरं होतं." दुसऱ्याने लिहिलं, "सीबीटी म्हणजे नुसत्या गप्पा, पैसे वाया." असलं काही वाचून उद्या कुणी आपली गोळी बंद करेल किंवा चालू थेरपी सोडून देईल, या काळजीने हा धागा काढते आहे. मला एडीएचडी आहे, निदान तिशी उलटल्यावर झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑफिस सांभाळते. डॉक्टर नाही. पण या विषयावरचे मुख्य अभ्यास वाचले आहेत आणि सीबीटी स्वतः घेतली आहे.

नैराश्यासाठी देतात ती सीबीटी आणि एडीएचडीसाठीची सीबीटी यांत बराच फरक असतो. नैराश्यात भर विचार तपासण्यावर. एडीएचडीत पहिले बरेच आठवडे एक वही, एक कॅलेंडर, कामांची यादी, मोठ्या कामाचे तुकडे पाडणं आणि टायमर यांतच जातात. विचारांकडे वळायचं ते नंतर, आणि तेही मुख्यतः 'हे काम मी टाळते कशी' हे पकडण्यासाठी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्टीव्हन सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक आराखडा बसवला आणि तपासला.

त्यांचा २०१० चा 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ८६ प्रौढ होते. सगळे गोळी घेत होते आणि तरीही त्रास उरलेला होता. एका गटाला सीबीटी दिली, दुसऱ्याला शिथिलीकरण शिकवलं आणि एडीएचडीची माहिती दिली. म्हणजे दुसऱ्या गटालाही थेरपिस्ट भेटत होता, आस्थेने बोलत होता. मोजणाऱ्याला मात्र कोण कुठल्या गटात आहे ते ठाऊक नव्हतं. एकूण सुधारणेच्या मोजपट्टीवर सीबीटी गटातल्या ५३ टक्के लोकांना फरक पडला, दुसऱ्या गटात २३ टक्के. लक्षणांच्या मापावर ६७ विरुद्ध ३३. ज्यांना फरक पडला त्यांचा तो वर्षभराने पाहिलं तेव्हाही टिकून होता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मेरी सोलँटो यांच्या गटाने ८८ प्रौढांवर केलेला अभ्यास आला. तिथे थेरपी गटात होती, वेळेचं नियोजन आणि कामाची आखणी यावर भर. तुलना केली ती आधार देणाऱ्या गटाशी. लक्ष न लागण्याच्या लक्षणांत कौशल्यं शिकवणारा गट स्पष्ट पुढे राहिला.

इथवर वाचून कुणी खूश झालं असेल तर आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये जर्मनीतल्या सात केंद्रांवरचा अलेक्झांड्रा फिलिप्सन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४३३ प्रौढ, म्हणजे आधीच्या दोन्ही अभ्यासांपेक्षा कितीतरी मोठा. चार गट पाडले: गट-थेरपी किंवा साधी नियमित डॉक्टरभेट, आणि त्यातल्या प्रत्येकात मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध किंवा तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. मुख्य मापावर गट-थेरपी साध्या डॉक्टरभेटीहून सरस ठरली नाही. औषध मात्र नकली गोळीहून सरस ठरलं. एकूण परिणाम कसा वाटतो, या डॉक्टरांच्या दुय्यम मापावर गट-थेरपीला थोडी आघाडी होती, एवढंच.

२०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १४ चाचण्या आणि ७०० प्रौढ एकत्र करून पाहिले. निष्कर्ष सीबीटीच्या बाजूने, पण सावध: थोड्या काळापुरता लक्षणांत उतार दिसतो, चाचण्या लहान आहेत, एकमेकींशी जुळत नाहीत. आणि २०२५ च्या 'लॅन्सेट सायकियाट्री'मधल्या मोठ्या विश्लेषणात ११३ चाचण्या, १४,८८७ लोक होते. उत्तेजक औषधं (मिथाइलफेनिडेट त्यांतलंच) आणि ॲटोमोक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध यांचा फायदा डॉक्टरांना दिसला आणि रुग्णांनाही जाणवला. सीबीटीचा फायदा मोजणाऱ्या तज्ज्ञांना दिसला, पण रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत तो उतरला नाही. हे वाचून मी अस्वस्थ झाले. पण त्याच लेखात हेही आहे की जीवनमानाच्या मापावर औषधांचाही फायदा सिद्ध झालेला नाही.

माझं मत असं: गोळी लक्ष देते, पण ते लक्ष कुठे लावायचं ते शिकवत नाही. सीबीटी ते शिकवते. गोळी चालू असताना उरलेल्या त्रासासाठी सीबीटी, या वापरासाठी पुरावा बरा आहे. गोळीऐवजी सीबीटी, यासाठी तो बराच पातळ आहे. आणि 'कायमचं बरं' असं यातल्या एकाही अभ्यासाने म्हटलेलं नाही.


जुळेसोलापूरकर | रविवार, रात्री १०:२५

ताई, फार कामाचं लिहिलंत. आमचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. मागच्या महिन्यात एडीएचडी सांगितलंय. शाळेतून रोज चिठ्ठी. वर्गात एका जागी बसत नाही, डबा निम्मा तसाच, पेन्सिली तर आठवड्याला एक बॉक्स. बायको म्हणते गोळी नको, आधी सीबीटी करू. एका ठिकाणी चौकशी केली तर 'वीस सत्रांचं पॅकेज घ्या' म्हणाले, सगळी सत्रं मुलाबरोबर, आईबापांनी बाहेर बसायचं. करावं का?


ताणाबाणा | रविवार, रात्री ११:०५

दादा, पैसे भरू नका, आधी हे वाचा.

मी वर लिहिलेले सगळे अभ्यास प्रौढांवरचे आहेत. ते आठ वर्षांच्या मुलाला लागू पडत नाहीत. स्वतःचा विचार पकडून वहीत मांडणं हे त्या वयात जमायचं काम नाही. लहान मुलांत ज्याचा अभ्यास झालाय ती आहे वर्तन-थेरपी, आणि तिच्यात शिकायचं असतं ते आईवडिलांनी आणि बाईंनी: सूचना एका वेळी एकच आणि छोटी द्यायची, चांगलं वागणं दिसलं की लगेच नाव घेऊन सांगायचं, घरातले नियम रोज तेच ठेवायचे. आईबापांना बाहेर बसवून हे कसं करणार?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण सांगितलंय. सहाच्या पुढे औषध, आणि त्याच्या जोडीला पालक-प्रशिक्षण आणि वर्गातले बदल. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटात येतो.

पालक-प्रशिक्षणाकडून अपेक्षा काय ठेवायची, तेही सांगते. २०१३ मध्ये एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी औषधाशिवायच्या उपचारांचे अभ्यास एकत्र केले. मुलावर उपचार चालू आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाने गुण दिले तर वर्तन-थेरपीने लक्षणं कमी झालेली दिसत होती. ठाऊक नसलेल्याने दिले तर तो फरक जवळजवळ पुसला गेला. पण पुढच्याच वर्षी त्याच वर्तुळातल्या लोकांनी दुसरी मापं पाहिली, तेव्हा आईवडिलांचं वागणं सुधारणं आणि मुलाचा हट्ट-भांडणं कमी होणं हे ठाऊक नसलेल्यांच्या नजरेतूनही टिकलं. म्हणजे चुळबुळ तेवढीच राहील कदाचित, पण घरातली रोजची लढाई कमी होईल. माझ्या दृष्टीने हे थोडं नाही.


गणिताचा_तास | सोमवार, सकाळी ७:१५

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. धागाकर्तीने प्रामाणिकपणे मांडलंय, पण निष्कर्ष अजून कडक हवा होता. सीबीटीच्या पुष्कळ चाचण्यांत तुलनेचा गट म्हणजे 'प्रतीक्षायादी'. ज्याला सांगितलं की तुझा नंबर तीन महिन्यांनी, तो बिचारा सुधारणार कसा? त्याच्याशी तुलना केली तर कुठलीही थेरपी चांगलीच दिसेल. २०१७ मध्ये लॉरा नाऊस आणि सहकाऱ्यांनी ३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा हेच दिसलं: तुलनेचा गट जितका तगडा, तितका सीबीटीचा फायदा लहान. शिवाय गोळीत नकली गोळी देता येते, थेरपीत नकली थेरपी देता येत नाही. समोरच्याला कळतंच. जर्मन अभ्यास सगळ्यात मोठा, आणि त्यात मुख्य उत्तर 'नाही' आलं. मग वजन कशाला द्यायचं?


ताणाबाणा | सोमवार, दुपारी १:५०

सर, प्रतीक्षायादीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच सीबीटीच्या बाजूचे म्हणून मी वर तेच दोन अभ्यास घेतले जिथे तुलनेच्या गटालाही थेरपिस्टचा तेवढाच वेळ मिळत होता.

जर्मन अभ्यासाला वजन द्यायलाच हवं. पण त्याने विचारलेला प्रश्न नीट पाहू. तिथली थेरपी गटात होती आणि तिचा साचा सॅफ्रन यांच्यापेक्षा वेगळा होता, भावनांवर ताबा आणि सजगता यांवर तिचा बराच भर होता. दुसऱ्या बाजूला 'साधी डॉक्टरभेट' म्हणजे ठरलेल्या वेळी, ऐकून घेणारा, प्रोत्साहन देणारा, एडीएचडी कळणारा डॉक्टर. आपल्याकडे ओपीडीत नंबर लावून जी काही मिनिटं मिळतात त्याच्याशी याची तुलना होईल का? त्या अभ्यासातून मी एवढंच घेते की चांगल्या, नियमित डॉक्टरभेटीवर ती विशिष्ट गट-थेरपी फार भर घालत नाही. सगळी सीबीटी निकामी, असं त्यातून निघत नाही.

आणि रुग्णाला फरक जाणवला नाही याचं म्हणाल, तर मला त्याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. माझा अंदाज: सीबीटीने मनाचं भरकटणं कमी होत नाही, पण भरकटल्यावर परत यायची वाट सापडते. प्रश्नावली विचारते 'लक्ष विचलित होतं का?' माझं उत्तर आजही 'हो, नेहमी'. पण कारखान्याची रिटर्न वेळेवर जातात. ते त्या प्रश्नावलीत कुठे भरू?


गणिताचा_तास | सोमवार, दुपारी २:३०

शेवटचा मुद्दा पटला. माप चुकीचं असेल तर परिणाम दिसणार नाही, हे विद्यार्थ्यांना मीच सांगतो. पण मग कामावरचा परिणाम वेगळा मोजायला हवा, अंदाजावर सोडून चालणार नाही.


पूर्वभाग | सोमवार, रात्री ९:१०

ताई मी अशोक चौकाकडं राहतो, आमचे घरचे माग आहेत. बारावीनंतर तीन कोर्स धरले, तीन सोडले. घरी तेलुगू बोलतो, मराठी शाळेत शिकलो. तुम्ही लिहिलेलं वाचून वाटायलंय की माझंच लिहिलंय. पण थेरपी परवडायची नाही. आणि सत्रात नक्की काय करतात हो? 'कामाचे तुकडे पाडा' तर मोबाईलवर पण कुणी पण सांगतंय. वहीत लिहून काय होणार?


ताणाबाणा | सोमवार, रात्री १०:४०

भाऊ, रास्त प्रश्न. माझंच एक उदाहरण सविस्तर सांगते.

दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न (जीएसटीआर-१) भरायचं, २० ला दुसरं रिटर्न (३बी). मला तारखा पाठ होत्या, तरी दर वेळी शेवटच्या रात्री धावपळ. थेरपिस्टने विचारलं, "पाच तारखेला ऑफिसात बसल्यावर डोक्यात नेमकं कुठलं वाक्य येतं?" मला वाटलं होतं 'मला जमणार नाही' असलं काहीतरी येत असेल. आठवडाभर टिपून ठेवलं तर निघालं भलतंच: 'आधी पार्टीला फोन करून घेते, मग शांत डोक्याने बसते.' 'अजून सहा दिवस आहेत.' 'दबाव आला की माझं काम छान होतं.' सगळी गोड वाक्यं, एकही निराशेचं नाही. नाऊस आणि जॉन मिचेल यांनी २०१५ मध्ये एडीएचडीतल्या याच बेसावध आशावादावर लिहिलंय. नैराश्याच्या साच्यातली सीबीटी उदास विचार शोधत बसते, आणि आमचं काम बुडवणारे विचार हसतमुख असतात.

मग त्या प्रत्येक वाक्यासमोर मागच्या महिन्यांत खरं काय झालं ते लिहिलं. पार्टीला फोन केल्यावर शांत डोक्याने बसले का? नाही, फोननंतर डिस्पॅचला गेले, तिथे गाठीवरचं लेबल चुकलेलं दिसलं, त्यात दुपार गेली. आता वहीत 'जीएसटी' हा शब्दच नसतो. असतं ते असं: 'विक्रीची बिलं क्रमाने लावणे', 'रद्द झालेली बिलं बाजूला काढणे', 'एचएसएन (मालाचा कोड) तपासणे'. प्रत्येक ओळ माझं लक्ष जेवढा वेळ टिकतं तेवढीच. तो वेळ आधी घड्याळ लावून मोजला होता. टायमर चालू असताना 'अरे, त्या ट्रान्सपोर्टची बिल्टी आली का?' असं काही आठवलं की उठायचं नाही. शेजारच्या कागदावर लिहायचं आणि ओळ संपवायची. टायमर वाजला की कागद बघायचा. त्यातल्या बहुतेक गोष्टी तेव्हा तातडीच्या राहिलेल्याच नसतात.

मोबाईलवरच्या सल्ल्यात आणि यात फरक पुढच्या आठवड्यात पडतो. तुमची पद्धत बंद पडते, पडतेच, आणि समोर बसलेला माणूस विचारतो: नेमकी कुठे बंद पडली? वही घरी राहिली? यादी फार लांब झाली? मग ती दुरुस्त होते.


समुपदेशन_होटगीरोड | मंगळवार, सकाळी ११:२०

या क्षेत्रात काम करते म्हणून दोन शब्द. ताणाबाणा यांनी लिहिलंय तसंच हे काम चालतं. घरचा अभ्यास केला नाही म्हणून काही थेरपिस्ट "तुम्हालाच बरं व्हायचं नाही" असं रुग्णाला सुनावतात. एडीएचडीत अभ्यास विसरणं हे लक्षण आहे, त्यावरच काम करायचं असतं. असं कुणी बोललं तर थेरपिस्ट बदला.

पूर्वभाग, लिहायचा कंटाळा असेल तर आवाजात नोंद करा, तेलुगूत करा. विचार ज्या भाषेत येतो त्याच भाषेत पकडावा. सोलापुरात माझ्याकडे येणारे निम्मे लोक घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलतात. फॉर्म मराठीतच भरा असा हट्ट मी धरत नाही.

खर्चाचं: सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून सुरुवात करा. आधी निदान पक्कं होऊ दे. प्रौढात निदान करताना लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का हे पाहतात, म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर न्या, आई किंवा मोठं भावंड बरोबर आलं तर उत्तम. झोप, थायरॉईड, चिंता, नैराश्य हेही तपासून घ्यावं लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे पूर्ण सीबीटी होणार नाही, पण कुठे जायचं ते सांगतील.


चाळीशीपार | मंगळवार, दुपारी ४:०५

मला गोळीने भूक गेली आणि छातीत धडधड व्हायला लागली, डॉक्टरांनी बंद केली. म्हणजे माझ्यासाठी सीबीटीचा पुरावा नाहीच का? सासरी तर आधीच "हिला काही झालेलं नाही, आळस आहे" चालू आहे. दूध उतू गेलं की सगळ्या घराला कळतं.


ताणाबाणा | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

ताई, नाहीच असं मुळीच नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी औषधाशिवायच्या उपचाराचा विचार कुणासाठी करावा ते स्पष्ट दिलंय: ज्यांनी विचारपूर्वक औषध नको म्हटलं, ज्यांना ते नेमाने घेणं जमत नाही, आणि ज्यांना ते लागू पडलं नाही किंवा सोसलं नाही. तुम्ही या शेवटच्यात येता. त्या उपचारात सीबीटीचे घटक किंवा पूर्ण सीबीटी असू शकते, नियमित भेटींसह. 'पुरावा पातळ' म्हणजे 'उपयोग नाही' असा अर्थ घेऊ नका. अभ्यास कमी झालेत, एवढाच अर्थ.

एक मात्र करा. तुमची गोळी मिथाइलफेनिडेटची असेल, तर ती सोसली नाही म्हणून औषधाचा मार्ग संपला असं धरू नका. ॲटोमोक्सेटिन वेगळ्या प्रकारचं औषध आहे, पण नाडी-रक्तदाबावर त्याचाही परिणाम होऊ शकतो. धडधडीची तपासणी करून, ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टरांनाच विचारा.

आळसाचं ऐकून वाईट वाटलं. तुम्ही ज्या कष्टाने दिवस ढकलता ते बघणाऱ्याला दिसत नाही. जमलं तर एका भेटीला घरातलं कुणीतरी बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घरचे बदललेले मी पाहिले आहेत.


जुळेसोलापूरकर | बुधवार, सकाळी ९:००

पॅकेजवाल्यांना नाही सांगितलं. बायकोलाही हे सगळं वाचून दाखवलं. आता चौकशी करताना काय विचारू ते एकदा सांगा, म्हणजे परत फसायला नको. आणि मोठ्या भावाची मुलगी सोळा वर्षांची आहे, तिलाही हेच निदान. तिच्यासाठी काय?


समुपदेशन_होटगीरोड | बुधवार, दुपारी १२:१०

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक निःसंकोच मागा. मुलासाठी जात असाल तर पहिला प्रश्न: "आम्हा दोघांना तुम्ही काय शिकवणार?" दुसरा: "शाळेतल्या बाईंशी बोलणार का?" आणि प्रगती कशाने मोजणार ते विचारा. एकदम वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागितले तर मी स्वतः तिथे जाणार नाही.

सोळा वर्षांच्या मुलीसाठी चित्र मधलं आहे. २०१६ मध्ये सॅफ्रन यांच्याच गटातल्या लोकांनी गोळी चालू असलेल्या ४६ किशोरांवर सीबीटी तपासली, फायदा दिसला, पण तुलना प्रतीक्षायादीशीच होती, गणिताच्या सरांचा आक्षेप इथेही लागू. नेदरलँड्समध्ये १५९ किशोरांवर दोन थेरप्या समोरासमोर ठेवल्या, एक नियोजनाची कौशल्यं शिकवणारी आणि एक न शिकवणारी. दोन्ही गट सुधारले आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही. तिच्या वयाला माझा अनुभव असा की थेरपिस्टशी पटणं सगळ्यात महत्त्वाचं. मुलीला पहिल्या दोन भेटींनंतर एकटीला विचारा, परत जायचंय का. नाही म्हणाली तर जबरदस्ती नको, दुसरं कुणी बघा.


पूर्वभाग | बुधवार, रात्री ८:५०

सिव्हिलला जाऊन आलो. प्रगतिपुस्तकं सापडली, चौथीच्या पुस्तकात बाईंनी लिहिलंय 'हुशार आहे, लक्ष नाही'. परत पुढच्या आठवड्यात बोलावलंय, आईला घेऊन या म्हणाले. आई मराठी कमी बोलते, तिला काय विचारतील?


समुपदेशन_होटगीरोड | बुधवार, रात्री ९:३५

लहानपणी कसा होतास तेच विचारतील. जेवताना उठायचास का, वस्तू हरवायचास का, शाळेतून तक्रारी यायच्या का, उशिरा बोलायला लागलास का. आज रात्री तिच्याशी तेलुगूत बोलून घे, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड कर. सिव्हिलमध्ये तेलुगू कळणारं कुणी ना कुणी भेटतंच, नाही भेटलं तर तू सांग, पण तिचं बोलणं मधेच छाटू नकोस. आणि प्रगतिपुस्तकं परत घेऊन जा, झेरॉक्स काढून एक प्रत केसपेपरला लावायला सांग.